दानाकडून दायित्वाकडे : उद्योगसंस्था व कर्मचारी यांच्या सामाजिक योगदानाचा ऐतिहासिक आढावा (लातूर व नांदेड जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

उद्योगसंस्थेने मिळविलेल्या नफ्यातील काही भाग समाजाकडे परत गेला पाहिजे, हा विचार भारतात नवा नाही. मात्र तो भाग किती असावा, कोणी द्यावा, कोठे द्यावा आणि पैशाबरोबर माणसाचा वेळही द्यावा काय, या प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ ने यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात दिले. उरलेले प्रश्न मात्र आजही खुले आहेत. लातूर व नांदेड या जिल्ह्यांच्या दृष्टीने 'कोठे द्यावे' हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. या दोन्ही जिल्ह्यांत मोठ्या कंपन्यांचे कारखाने फारसे नाहीत. तरीही ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर देशभरातील उद्योगसंस्था, वृत्तपत्रे, स्वयंसेवी संस्था व नोकरदार यांची मदत या भागात आली. त्या अनुभवाचे ऐतिहासिक मूल्यमापन करून, कायद्याने बंधनकारक झालेल्या आजच्या योगदानाशी त्याची तुलना करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) महाराष्ट्रातील औद्योगिक दातृत्वाची व स्वयंसेवेची पूर्वपीठिका समजून घेणे.
२) किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातील बाह्य मदतीचे स्वरूप तपासणे.
३) कलम १३५ नंतर लातूर-नांदेडसारख्या जिल्ह्यांच्या स्थितीत पडलेला फरक स्पष्ट करणे.
४) कर्मचाऱ्यांच्या वेळेचे व वेतनातील योगदानाचे स्थान निश्चित करणे.

या अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधने व शासकीय तरतुदी यांचा आधार घेतला आहे.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील आधुनिक उद्योगाच्या प्रारंभापासूनच मालक व समाज यांच्या संबंधांचे दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह कारखान्याच्या आत सुरू होतो. जमशेटजी टाटा यांनी नागपूर येथे १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. तेथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी स्थापन झाला व १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास प्रारंभ झाला. अशा तरतुदी कायद्याने सक्तीच्या होण्यापूर्वीच्या या घटना आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर वसविलेली किर्लोस्करवाडी हे याच प्रवाहाचे दुसरे उदाहरण होय. येथे कारखान्याबरोबर एक वसाहत आणि त्या वसाहतीचे सामाजिक जीवनही उभे राहिले. या प्रवाहाचे वैशिष्ट्य असे, की देणारा व घेणारा एकाच गावात राहत होते. मालकाला कामगाराची अडचण दिसत होती आणि कामगाराला मालकाचे घर माहीत होते.

दुसरा प्रवाह विश्वस्त निधींचा. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली आणि पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली गेलेली संस्था हे त्याचे ठळक फलित आहे. येथे देणारा व घेणारा यांच्यामध्ये प्रशिक्षित कार्यकर्ता उभा राहिला. किल्लारीच्या संदर्भात या संस्थेचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

मराठवाड्यात यांपैकी पहिला प्रवाह क्षीणच राहिला. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात व १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. नांदेडची उस्मानशाही मिल हा या भागातील जुन्या औद्योगिकीकरणाचा महत्त्वाचा टप्पा. परंतु ती मिल पुढे बंद पडली आणि तिच्याभोवती किर्लोस्करवाडीसारखी दीर्घकाळ टिकणारी औद्योगिक वस्ती तयार झाली नाही. लातूर हे व्यापारपेठेचे शहर. उस्मानाबाद जिल्ह्यातून विभागून लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. या दोन्ही जिल्ह्यांत पुढे मोठा उद्योग म्हणून उभा राहिला तो प्रामुख्याने सहकारी साखर कारखाना. तो कंपनी नसून सहकारी संस्था आहे, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवली पाहिजे.

औद्योगिक दातृत्वाची परंपरा क्षीण असली, तरी दानाची व सेवेची परंपरा या भूमीत क्षीण नव्हती. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे त्याचे जिवंत उदाहरण आहे. गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण १७०८ मध्ये येथे झाले. आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंग यांच्या काळात, १८३२ ते १८३७ या दरम्यान उभी राहिली. गुरुद्वाराच्या लंगरमध्ये पीठ मळणारा, भांडी घासणारा, जोडे सांभाळणारा मनुष्य आपल्या व्यवसायाचे पद दाराबाहेर ठेवून येतो. शीख परंपरेतील दसवंध म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा आणि सेवा म्हणजे प्रत्यक्ष अंगमेहनत. या दोन्ही गोष्टी तेथे एकमेकींना पर्याय मानल्या जात नाहीत. दसवंध दिला म्हणून सेवेतून सूट मिळत नाही.

भूदान चळवळीचा प्रारंभ १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे झाला, तेव्हा नांदेड व उस्मानाबाद हे जिल्हे त्याच हैदराबाद राज्यात होते. विनोबांनी १९५२ मध्ये संपत्तिदानाची कल्पना मांडली. उत्पन्नाचा सहावा हिस्सा द्यावा. तो दात्यानेच जवळ ठेवून ठरलेल्या लोकोपयोगी कामासाठी खर्च करावा, असे तिचे स्वरूप होते. दात्यावरील जबाबदारी पैसा देऊन संपत नाही, हे सूत्र त्यात होते. दसवंधाचा दहावा, संपत्तिदानाचा सहावा आणि आजच्या कायद्यातील दोन टक्के, हे तीन आकडे शेजारी ठेवले म्हणजे कायद्याची अपेक्षा किती माफक आहे हे कळते. अर्थात पहिले दोन नैतिक आवाहन होते व तिसरे कायदेशीर बंधन आहे, हा भेद विसरता येणार नाही.

किल्लारीचा भूकंप आणि मदतीचा ओघ

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६ रिश्टरच्या थोडी वर होती. मृत्यू मात्र घरांच्या रचनेमुळे वाढले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर लाकडी तुळयांच्या आधाराने घातलेले मातीचे माळवद ही या भागातील घरबांधणीची रीत. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळले.

मदतीचा ओघ तत्काळ सुरू झाला. अन्न, कपडे, औषधे व तंबू यांचा पहिला टप्पा संपल्यानंतर पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने १९९४ पासून महाराष्ट्र तातडीचा भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबविण्यात आला. त्यात गावांची तीन वर्गांत विभागणी झाली. 'अ' वर्गातील ५२ गावे नव्या जागी वसवायची होती. 'ब' वर्गातील गावे मूळ ठिकाणी बांधायची होती. आणि 'क' वर्गातील गावांत घरांची दुरुस्ती व बळकटीकरण घरमालकाने स्वतः, शासनाच्या अनुदानावर व तांत्रिक मार्गदर्शनाखाली करायचे होते. बाहेरील दात्यांचा सहभाग मुख्यतः 'अ' वर्गातील गावांत होता. त्यांनी गावे दत्तक घेतली.

'दत्तक' हा शब्द येथे विचार करण्यासारखा आहे. दत्तक घेणारा घर निवडतो, नाव देतो आणि वारसाही ठरवतो. अनेक नव्या गावांची रचना याच भूमिकेतून झाली. घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४०० चौरस फूट व मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फूट. म्हणजे भूकंपाने क्षणभर समान केलेले गाव पुनर्वसनाने पुन्हा जमिनीच्या उताऱ्याप्रमाणे मांडले. नवी गावठाणे जुन्यांपेक्षा कित्येक पटीने पसरली. सरळ रस्ते, चौकटीत आखलेले भूखंड, ओळीने उभी घरे. शहरातील वसाहतीची ही आखणी शेतीच्या गावाला लागू झाली. गुरांचा गोठा, कडब्याची गंज, धान्याची साठवण, बायकांना एकत्र बसण्यासाठी लागणारी अंगणाची आडोशाची जागा यांचा विचार बहुतेक ठिकाणी मागे पडला. पुढील काळात लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे भिंती घातल्या, पत्रे टाकले, अंगणे बंदिस्त केली. हे बदल म्हणजे लाभार्थींनी दात्यांच्या आराखड्यावर दिलेला अभिप्रायच होय.

अर्थात सर्व उदाहरणे एकाच माळेत ओवणे अन्यायाचे ठरेल. केरळमधील 'मलयाळ मनोरमा' या वृत्तपत्रसंस्थेने लातूर जिल्ह्यातील बाणेगावचे पुनर्वसन हाती घेतले आणि त्याच्या आखणीचे काम कमी खर्चाच्या, स्थानिक साधनांच्या वास्तुरचनेसाठी प्रसिद्ध असलेल्या लॉरी बेकर यांच्याकडे दिले. शेकडो मैलांवरील एका व्यावसायिक संस्थेने मराठवाड्यातील एका खेड्यासाठी पैसा द्यावा आणि त्याबरोबर योग्य माणूसही द्यावा, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होते. त्या संस्थेचा येथे कारखाना नव्हता, बाजारपेठ नव्हती आणि तिच्यावर कायद्याचे बंधनही नव्हते.

पैसा आणि वेळ

भूकंपानंतरच्या कामाचे आज अवलोकन करताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. जे काम टिकले, त्यात पैशाइतकाच माणसांचा वेळ गुंतला होता. याची चार उदाहरणे पाहता येतील.

पहिले उदाहरण टाटा समाजविज्ञान संस्थेचे. या संस्थेने भूकंपग्रस्त कुटुंबांची पाहणी केली. कोणत्या घरात कोण उरले, कोणाचे आई-वडील गेले, कोण विधवा झाली, कोणाची जमीन किती, ही माहिती घरोघर जाऊन गोळा करावी लागते. ते काम धनादेशाने होत नाही.

दुसरे उदाहरण भारतीय जैन संघटनेचे. बांधकाम व्यवसायातून समाजकार्याकडे वळलेले शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. मुलांना त्यांच्या गावापासून दूर न्यावे काय, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु मुलाचे शिक्षण हाती घेणे म्हणजे दहा-बारा वर्षांचे बंधन स्वीकारणे होय, हे मान्य करावे लागते.

तिसरे उदाहरण पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे. मदतकार्यासाठी आलेल्या या संस्थेने उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातील हराळी येथे मुक्काम केला. तेथे निवासी शाळा व पुढे कृषिशिक्षणाचे काम उभे राहिले. मदतीला आलेले कार्यकर्ते शेजारी झाले, असे या कामाचे वर्णन करता येईल.

चौथे उदाहरण खुद्द गावातील स्त्रियांचे. 'क' वर्गातील गावांत दुरुस्तीचे काम घरमालकाकडे सोपविलेले असल्याने माहिती पोहोचविणे, अनुदानाच्या हप्त्यांचा पाठपुरावा करणे, भूकंपरोधक बांधणीची माहिती देणे यासाठी गावोगाव 'संवाद सहायक' नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने या लोकसहभागाच्या कामात महत्त्वाची भूमिका बजावली. या स्त्रियांपैकी अनेकींनी आयुष्यात प्रथमच शासकीय अभियंत्याला प्रश्न विचारला. पुनर्वसनाचा हा भाग दत्तक गावांच्या नव्या घरांइतका डोळ्यांत भरणारा नाही. परंतु घरमालकाचा निर्णय, शासनाचा पैसा आणि गावातील कार्यकर्तीचा वेळ यांचा मेळ येथेच सर्वाधिक साधला गेला.

कलम १३५ आणि जिल्ह्यांची नवी विषमता

कंपनी अधिनियमातील कलम १३५ दिनांक १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ५०० कोटी रुपये किंवा अधिक निव्वळ मूल्य, १,००० कोटी रुपये किंवा अधिक उलाढाल, अथवा ५ कोटी रुपये किंवा अधिक निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम अनुसूची सातमधील कामांवर खर्च करावी, असे हे कलम सांगते. प्रारंभी 'खर्च करा अथवा कारण सांगा' असे त्याचे स्वरूप होते. जानेवारी २०२१ पासून न खर्चिलेली रक्कम विशिष्ट खात्यात अथवा निधीत वर्ग करण्याचे बंधन व दंडाची तरतूद अमलात आली. दान दायित्वात रूपांतरित होण्याची प्रक्रिया येथे पूर्ण झाली.

याच कलमात कंपनीने आपल्या कार्यक्षेत्रातील स्थानिक भागास प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. केंद्र शासनाने पुढे हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, सक्तीचे नाही, असे स्पष्ट केले. परंतु व्यवहारात कंपनीची नजर आपल्या कारखान्याच्या व कार्यालयाच्या आसपासच जाणे स्वाभाविक आहे. तेथे अधिकारी जाऊ शकतात, कर्मचारी श्रमदान करू शकतात, नामफलक दिसतो. महाराष्ट्र हे कंपन्यांच्या सामाजिक खर्चात देशात अग्रेसर राज्य असले, तरी राज्यातील उद्योग मुंबई, ठाणे व पुणे या पट्ट्यात एकवटलेले आहेत.

लातूर व नांदेड यांची अडचण तिहेरी आहे. एक, येथे मोठ्या कंपन्यांचे कारखाने थोडे, म्हणून स्थानिक प्राधान्याचा लाभ थोडा. दोन, येथील मोठे उद्योग म्हणजे सहकारी साखर कारखाने. ते कंपनी अधिनियमाखाली येत नसल्याने त्यांना कलम १३५ लागू नाही. त्यांनी शिक्षणसंस्था उभारल्या, हे खरे; परंतु ते योगदान सहकाराच्या चौकटीतील व नेतृत्वाच्या इच्छेवर अवलंबून असलेले आहे. तीन, २०१८ मध्ये जाहीर झालेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशिम, गडचिरोली व उस्मानाबाद यांचा समावेश झाला. लातूर व नांदेड त्यात नव्हते. म्हणजे कंपन्यांचे लक्ष वेधण्याइतके हे जिल्हे उद्योगसंपन्न नाहीत आणि यादीत येण्याइतके मागास ठरलेले नाहीत.

अशा जिल्ह्याकडे बाहेरचे लक्ष जाते ते आपत्तीच्या वेळी. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचले आणि लातूर हे नाव पुन्हा देशभर झाले. त्याच वर्षी लातूरच्या नागरिकांनी 'जलयुक्त लातूर' या मोहिमेतून लोकवर्गणी करून मांजरा नदीचे खोलीकरण हाती घेतले. ऑगस्ट २०२५ मधील अतिवृष्टीने नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात हानी झाली, तेव्हाही मदतीची तीच प्रक्रिया घडली. आपत्ती ओसरते, तसे लक्षही ओसरते. परंतु भूजल, शाळेची गुणवत्ता, स्थलांतरित ऊसतोड कामगारांची मुले हे प्रश्न कोणत्याही एका तारखेला घडत नाहीत. म्हणून ते कोणाच्याही आराखड्यात सहज येत नाहीत.

कर्मचाऱ्याचे स्थान

कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेबाबत शासनाची भूमिका बदलत गेली. जून २०१४ च्या परिपत्रकात स्वयंसेवक कर्मचाऱ्याने दिलेल्या वेळेच्या प्रमाणात त्याचे वेतन प्रकल्पखर्चात धरता येईल असे म्हटले होते. जानेवारी २०१६ च्या स्पष्टीकरणात मात्र कर्मचाऱ्यांना या कामात सहभागी करून घेण्यास उत्तेजन द्यावे, परंतु त्यांच्या विनामूल्य सेवेचे पैशात रूपांतर करून ते खर्चात दाखवू नये, अशी भूमिका घेतली गेली. ही भूमिका तत्त्वतः योग्य आहे. अन्यथा एका दिवसाच्या वृक्षारोपणाचे वेतन दोन टक्क्यांत वळते करण्याचा मार्ग खुला झाला असता. परंतु तिचा दुसरा परिणाम असा, की जी गोष्ट हिशेबात धरली जात नाही ती अहवालातही गौण ठरते. कंपनीने किती कोटी दिले याची नोंद होते. तिचा एखादा अभियंता तीन वर्षे एखाद्या गावाच्या पाणीयोजनेसाठी येत राहिला, याची होत नाही.

दुसऱ्या बाजूला आपणा शिक्षकांसह सर्व नोकरदारांना परिचित असलेली प्रथा आहे ती एक दिवसाच्या वेतनाची. आपत्तीनंतर संघटना आवाहन करतात, परिपत्रक निघते व वेतनातून रक्कम मुख्यमंत्री सहाय्यता निधीत जमा होते. ही प्रथा व्यापक आहे व तिच्यातून मोठा निधी उभा राहतो, याबद्दल शंका नाही. परंतु वेतनपत्रकातील एका ओळीने दात्याचा त्या गावाशी संबंध सुरू होतो व त्याच ओळीने संपतो. येथे कायद्यातील एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. १० एप्रिल २०२० च्या केंद्र शासनाच्या परिपत्रकानुसार कोरोनाकाळात पीएम केअर्स निधीस दिलेली रक्कम कंपनीच्या सामाजिक दायित्वात धरली गेली. मुख्यमंत्री सहाय्यता निधीस दिलेली मात्र धरली गेली नाही. राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा मार्ग खुला होता. परिणामी एकाच आपत्तीत कर्मचाऱ्याचा पैसा एका निधीकडे व त्याच्या कंपनीचा दुसऱ्या निधीकडे जाण्याची स्थिती निर्माण झाली.

निष्कर्ष

१) १९९३ मध्ये योगदान ऐच्छिक होते, परंतु ते गरजेच्या ठिकाणी पोहोचले. २०१४ नंतर ते बंधनकारक झाले, परंतु त्याचे ठिकाण मुख्यतः दात्याच्या सोयीने ठरू लागले. लातूर व नांदेड या बदलाच्या तोट्याच्या बाजूस आहेत.
२) किल्लारी परिसरात दात्याने ठरविलेल्या घरांपेक्षा घरमालकाच्या सहभागाने झालेले काम, आणि एकरकमी मदतीपेक्षा माणसांच्या दीर्घ मुक्कामाने झालेले काम अधिक टिकाऊ ठरले.
३) कर्मचाऱ्याच्या सेवेचे पैशात रूपांतर न करणे योग्य, परंतु तिची तासांच्या व वर्षांच्या स्वरूपात स्वतंत्र नोंद वार्षिक अहवालात होणे आवश्यक आहे.
४) जेथे कंपन्यांचे कारखाने नाहीत अशा जिल्ह्यांसाठी राज्यस्तरावर योगदानाचा काही वाटा राखून ठेवण्याचा विचार व्हावा आणि सहकारी कारखान्यांनीही आपल्या सामाजिक खर्चाचा जाहीर ताळेबंद मांडावा.

या चारही बाबींत महाविद्यालयांना करण्यासारखे काम आहे. तालुक्यातील प्रश्नांची विश्वसनीय पाहणी उपलब्ध नसेल, तर दूरच्या शहरातील कंपनी येथे येणार नाही, आणि आली तरी आपल्या सोयीचा आराखडा घेऊन येईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी व सामाजिक शास्त्रांचे विभाग यांनी ही पाहणी वर्षानुवर्षे सातत्याने केल्यास पुढील दात्याला गावाने स्वतः तयार केलेली मागणी हाती देता येईल. १९९३ मध्ये अशी मागणी पुढे ठेवण्यास गावांना उसंत मिळाली नव्हती. आज ती तयारी आपत्तीपूर्वी करता येणे शक्य आहे.